दृष्टीआडची ओळ

कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, कंत्राटी पद्धत किंवा महागाई यांवर बोलणार अशी अपेक्षा असते. मी मात्र आज बोलणार आहे संगणकाच्या पानाच्या अगदी तळाशी लपवून ठेवलेल्या एका ओळीविषयी. डोळस माणसाला ती दिसत नाही, आणि दिसू नये अशीच तिची रचना असते. ज्याच्यासाठी ती असते त्यालाही ती दिसत नाही, कारण त्याला दृष्टीच नसते. तरीही या एका ओळीपायी आमच्या एका सभासदाची नोकरी धोक्यात आली होती. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि सभासदांच्या तक्रारींतले. ही विद्यासुद्धा मला एका तक्रारीनेच शिकवली, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

गोष्ट २०१८ सालची. आमचे हे सभासद जन्मापासून अंध. एके काळी बँका, सरकारी कचेऱ्या, इस्पितळे यांच्या टेलिफोन बोर्डावर अंध ऑपरेटर बसलेले असत, हे तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या लोकांना आठवत असेल. शेकडो नंबर तोंडपाठ, आणि आवाजावरून माणूस ओळखण्याची हातोटी. पुढे बोर्ड यंत्राच्या ताब्यात गेला आणि ही माणसे कुठे बसवायची असा प्रश्न आला. आमच्या सभासदाला चौकशीच्या टेबलावर बसवले. समोर संगणक, कानाला हेडफोन. कोणी विचारले, अमुक विभाग कुठे, अमुक अर्ज कोणाकडे, की ते चौकटीत दोनतीन अक्षरे टंकलिखित करीत आणि उत्तर सांगत. हे काम ते दोन वर्षे झकास करीत होते. मग एका सोमवारी त्यांचा मला फोन आला. म्हणाले, "भाऊ, पान मुकं झालंय."

मला वाटले, हेडफोन बिघडला असेल. तसे नव्हते. यंत्र बाकी सगळे बोलत होते. फक्त एका ठिकाणी गप्प बसत होते. आणि ते ठिकाण नेमके त्यांच्या पोटापाण्याचे होते. महिन्याभरात त्यांच्या हातात कार्यक्षमता घटल्याचा मेमो पडला.

आता हे गप्प बसणे म्हणजे काय ते समजण्यासाठी थोडे यंत्राच्या पोटात शिरले पाहिजे. अंध माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडर नावाच्या प्रोग्रॅमच्या साह्याने. जॉज नावाचा स्क्रीन रीडर १९८९ पासून आहे; तो विकत घ्यावा लागतो आणि महाग आहे. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली एनव्हीडीए हा दुसरा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, आणि तो आजही फुकट मिळतो. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही असाच एक वाचक झोपलेला आहे. आयफोनमध्ये त्याचे नाव व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक. पुष्कळांचा समज असा की हा वाचक पडद्यावरचे चित्र पाहून वाचतो. चित्राशी त्याला कर्तव्य नसते. ब्राउझर प्रत्येक पानाची एक यादी मनात तयार करतो: इथे मथळा, इथे चौकट, इथे बटण, त्यावर अमुक शब्द. वाचक ती यादी घेऊन बोलतो. म्हणजे पडद्यावर दिसणे ही एक गोष्ट आणि यादीत असणे ही दुसरी. या दोन्ही बहुधा जुळतात. पण जुळल्याच पाहिजेत असे नाही, आणि आपल्या सगळ्या कथेचे मूळ इथेच आहे.

आता ती चौकट पाहा. तुम्ही "पेन" असे लिहिता आणि खाली यादी लोंबते: पेन्शन विभाग, पेन्शन अर्ज, पेन्शन तक्रार. तुम्ही बोट ठेवता आणि काम होते. अशा तयार यंत्रवस्तूंना विजेट म्हणतात. त्या दर वेळी नव्याने घडवाव्या लागू नयेत म्हणून तयार मालाची कोठारे असतात. जेक्वेरी यूआय हे अशा कोठारांपैकी एक. ते २००७ साली निघाले, २०१० साली त्यात ही आपोआप शब्द सुचवणारी चौकट आली. २०२१ पासून त्याची फक्त डागडुजी चालू आहे, नवे काही घालीत नाहीत. परंतु जुन्या घरातली जोती बदलत नाहीत तशी ही चौकट असंख्य कचेऱ्यांच्या पानांत अजून बसलेली आहे.

या चौकटीत अंध माणसाची अडचण अशी की, त्याचे ठाणे चौकटीतच असते आणि यादी उगवते ती पानात दुसऱ्याच जागी. तो "पेन" लिहितो. वाचक "प", "न" असे काहीतरी उच्चारतो आणि थांबतो. यादी आली की नाही, आली तर तिच्यात तीन नावे आहेत की तीस, याचा त्याला पत्ता नसतो. यावर कोठाराच्या कर्त्यांनी २०१२ साली, १.९ या आवृत्तीत, एक युक्ती केली. चौकट तयार होताना पानात एक रिकामा कप्पा गुपचूप टाकायचा. तो डोळ्यांना दिसू द्यायचा नाही, पण ब्राउझरच्या यादीत ठेवायचा. आणि त्यावर एक खूण करायची: 'अरिया-लाइव्ह', म्हणजे जिवंत जागा. या कप्प्यात कोणी नवा मजकूर लिहिला की वाचकाने आपण होऊन तो बोलून दाखवावा, असा त्या खुणेचा अर्थ. या खुणांची संहिता जागतिक वेब संघटनेने २०१४ च्या मार्चमध्ये अधिकृत केली. कामात त्या आधीपासूनच होत्या. तर यादी आली की विजेट त्या कप्प्यात इंग्रजीत लिहिते: तीन परिणाम उपलब्ध आहेत, वर-खाली बाणांच्या कळा वापरा. काही न सापडल्यास तसे लिहिते. बाणाची कळ दाबत गेलात तर ज्या नावावर आलात ते नावही त्याच कप्प्यात येते आणि कानावर पडते.

मराठी माणसाला हे समजवायला मला फार वेळ लागणार नाही. आपल्या नाटकाला विंगेत प्रॉम्प्टर उभा असतो. प्रेक्षकाला तो दिसता कामा नये. पण नटाला तो ऐकू आला पाहिजे. हा लपवलेला कप्पा म्हणजे पानाचा प्रॉम्प्टर.

आणि आता प्रॉम्प्टर रंगमंचावर कसा येतो ते ऐका. विजेटचा माल दोन गाठोड्यांत येतो. एकात त्याची करणी असते, दुसऱ्यात त्याचे रूप: रंग, कडा, अंतरे. या दुसऱ्या गाठोड्याला सीएसएस म्हणतात. पुष्कळ कारागीर म्हणतात, रंगरूप आमचे आम्ही करू. आणि फक्त पहिले गाठोडे उचलतात. पण तो कप्पा दृष्टीआड ठेवणारा नियमही त्या दुसऱ्याच गाठोड्यात असतो! तो राहून गेला की पानाच्या तळाशी एक पोरकी इंग्रजी ओळ उमटते. लिहीत जाल तसतशी ती बदलते: सात परिणाम, चार परिणाम, एक परिणाम. वरिष्ठ ती पाहतात आणि विचारतात, हे काय गबाळे?

आमच्या सभासदाच्या कचेरीत नेमके हेच झाले होते. पानाला नवे रूप देण्याचे काम कंत्राटावर दिले गेले. जुने गाठोडे काढून नवे घातले. ओळ दिसू लागली. एका अधिकाऱ्याने ती काढून टाकायला सांगितले. आणि कंत्राटदाराकडच्या मुलाने ती पाच मिनिटांत काढली. त्या मुलाला मी पुढे भेटलो. चोवीस-पंचवीस वर्षांचा, अकरा महिन्यांच्या करारावर, आणि तो करारही दुसऱ्याच कंपनीचा. मी रागाने गेलो होतो, पण तो मला म्हणाला, "काका, मला फक्त ओळ घालवायला सांगितलं. ती कोणासाठी आहे हे मला कुणी सांगितलंच नाही." यावर मी काय बोलणार? ज्याला कामाचे कारण कळू दिले जात नाही त्याच्याकडून कामाचा अर्थ कसा मागायचा?

ओळ घालवण्याचे चार मार्ग प्रचलित आहेत. त्यांतले तीन घातक आहेत आणि नेमके तेच सोपे आहेत. पहिला मार्ग 'डिस्प्ले नन' हा हुकूम. याने वस्तू पडद्यावरून जाते, पण ब्राउझरच्या यादीतूनही जाते; प्रॉम्प्टरला नुसते विंगेत न ढकलता नाट्यगृहाबाहेर काढून कुलूप लावण्यासारखे हे आहे. 'व्हिजिबिलिटी हिडन' या हुकुमाचेही फळ तेच. दुसरा मार्ग कप्पाच उपटून टाकण्याचा. त्याविषयी बोलायला नको. तिसरा मार्ग कप्पा ठेवून संदेश कोरे करण्याचा. यात नावे ऐकू येतात, पण बाण दाबल्यावर. आणि यादी आली आहे हेच न कळल्यास माणूस बाण दाबील कशाला? आमच्या मुलाने पहिला मार्ग पत्करला होता.

चौथा मार्ग म्हणजे राहिलेला नियम परत आणणे. कोठारात त्याचे नाव 'यूआय-हेल्पर-हिडन-ॲक्सेसिबल', आणि तो जेमतेम आठ ओळींचा आहे. कप्पा पानाच्या ओघातून बाहेर काढायचा, त्याची लांबीरुंदी एक पिक्सेल करायची, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी, त्याबाहेर जाणारे सगळे कापून टाकायचे आणि कड-अंतर शून्य ठेवायचे. वस्तू पानावर राहते, म्हणून यादीत राहते. पण पाहणाऱ्याला तिचा ठिपकाही दिसत नाही. पूर्वी लोक अशी वस्तू पडद्याच्या डावीकडे हजारो पिक्सेल लांब फेकून देत. मराठी-इंग्रजीत ते चालून जाई. उर्दू किंवा अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या पानावर मात्र वाचक डावीकडे सरकत सरकत माळरानात जाई. एक पिक्सेलच्या युक्तीतही एक खोड निघाली. इतक्या अरुंद जागेत प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर पडतो, आणि काही वाचक मधली जागा गिळून शब्द एकमेकांना चिकटवून बोलतात. म्हणून जाणते कारागीर आता "ओळ मोडू नको" असा एक जादा हुकूम त्यात घालतात.

हे एवढेच असते तर माझे व्याख्यान इथे संपले असते. पण कप्पा ठेवला म्हणजे त्याचा संसारही सांभाळावा लागतो. पहिली गोष्ट, कप्पा आधी हवा आणि मजकूर मागून. सूचनाफलक भिंतीवर आधीच टांगलेला असला तर शिपायाने त्यावर कागद लावलेला लोकांना कळतो. मजकुरासकट नवाच फलक मध्येच उभा केला तर पुष्कळ वेळा वाचक त्याची दखलच घेत नाही. दुसरी गोष्ट बोलण्याच्या रीतीची. जिवंत जागेला दोन स्वभाव देता येतात. एक नम्र: चालू वाक्य संपू द्यायचे, मग बोलायचे. दुसरा आग्रही: मध्येच तोडून बोलायचे. आमच्या सभांमध्ये दोन्ही प्रकारचे सभासद असतात, त्यामुळे हा फरक मला लगेच उमगला. आग लागली असेल तर आग्रही ठीक. पण एकाच पानावर चार विजेट आग्रही निघाली तर बिचाऱ्या ऐकणाऱ्याच्या कानात सर्वसाधारण सभेचा गोंधळ होतो. जेक्वेरी यूआयच्या अलीकडच्या आवृत्तींत हा कप्पा आग्रहीच ठेवलेला आहे. मला विचाराल तर यादीतल्या नावांसाठी नम्रपणा पुरे.

तिसरी गोष्ट मागे उरणाऱ्या कप्प्यांची. प्रत्येक चौकट आपापला कप्पा पानाच्या शेवटी टाकते. चौकट रीतसर मोडली तर कप्पाही जातो. पण आजकाल पान पुन्हा न उघडता त्याचा तुकडा बदलण्याची चाल आहे, आणि घाईत तुकडा पुसला की चौकट जाते आणि कप्पा पोरका राहतो. दिवसभर पान उघडे ठेवून काम करणाऱ्याच्या पानाच्या तळाशी अशी दहा-वीस भुते जमतात. अंध माणूस खालपर्यंत वाचत गेला की त्याला सकाळचे "चार परिणाम उपलब्ध आहेत" हे संध्याकाळी ऐकू येते, आणि तो ते चार परिणाम शोधत बसतो. यास्तव सूचना बोलून झाली की थोड्या वेळाने कप्पा पुसावा; त्याहून बरे म्हणजे साऱ्या पानाला मिळून एकच कप्पा ठेवावा. त्यातही एक मेख आहे. पानावर मध्येच खिडकी उघडून "हे आधी भरा" म्हणणारी जी चौकट येते, ती मागचे सगळे पान वाचकापासून झाकते. कप्पा मागच्या पानात आणि चौकट खिडकीत असली, तर प्रॉम्प्टर आणि नट यांच्यामध्ये भिंत उभी राहते. तेव्हा खिडकीसाठी कप्पा खिडकीतच पाहिजे.

भाषेचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण त्यावर मला राग येतो. पान मराठी, अर्ज मराठी, अर्जदार मराठी. आणि लपवलेली ओळ इंग्रजी. ती कोणाला दिसत नाही म्हणून कोणी तिचे भाषांतर करीत नाही. पान मराठी असल्याची खूण केलेली असली तर काही वाचक ती इंग्रजी ओळ मराठी आवाजात उच्चारतात आणि जे ऐकू येते ते धड इंग्रजी नसते, धड मराठीही नसते. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजाला मराठी येते. उच्चार लोखंडी आहेत, पण कळते. म्हणजे यंत्राला मराठी येते आणि पान मात्र त्याच्याशी इंग्रजीत बोलते! संदेश बदलण्याची सोय विजेटमध्ये आहे. मात्र नुसते शब्द बदलून भागत नाही. मूळ मजकुरात एकवचन-अनेकवचनाचा नियम इंग्रजीच्या मापाने शिवलेला आहे. आपल्याला "१ नाव आहे, ५ नावे आहेत" असे बेतून घ्यावे लागते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा लोकांसाठी हा खटाटोप कशाला? २०११ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेले लोक पन्नास लाखांच्या वर मोजले गेले. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात संगणकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात धरला. आमची तक्रार चालली त्या वेळी हा निकाल नव्हता, पण कायदा होता, आणि मी तो बगलेत मारून वाटाघाटींना गेलो. समोरच्या अधिकाऱ्यांना तो माझ्यापेक्षा अधिक पाठ होता. त्यांनी नम्रपणे विचारले, "यातल्या कोणत्या कलमाचा आम्ही भंग केला ते दाखवा." मला दाखवता येईना. कोणती ओळ ठेवा आणि कोणती काढा, हे कायदा सांगत नाही.

म्हणून मी त्या मुलाकडे परत गेलो. दोन रविवार आम्ही युनियनच्या कचेरीत बसलो. मी, तो आणि आमचे सभासद. त्याने माझ्यासमोर एनव्हीडीए चालू केला आणि पडदा बंद केला. तुम्हीही हे घरी करून पाहा. मोबाइलवर टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा, आणि रेल्वेचे तिकीट काढायच्या पानावर स्टेशनचे नाव भरा. मी "पेन" लिहिले आणि वाट पाहत बसलो. काहीच नाही. खालचा बाण दाबला. यादी अजून आलीच नव्हती. पुन्हा दाबला, तोवर आली होती, पण मी कितव्या नावावर आहे हे कळेना. एका नावाला मला दीड मिनिट लागले. टेबलासमोर बारा माणसांची रांग आहे अशी कल्पना करा, म्हणजे मेमोचा अर्थ कळेल. मग मुलाने ते आठ ओळींचे रूप परत घातले, आणि तेच काम मी वीस सेकंदांत केले.

पुढच्या बैठकीला मी कायदा नेला नाही. मुलाचा संगणक नेला, हेडफोन नेला आणि अधिकाऱ्यांना डोळे मिटायला सांगितले. त्यांनी मिटले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तीन आठवड्यांनी कप्पा पानावर परत आला आणि मेमो फाइलीतून निघाला. मुलाचा करार मात्र अकरा महिन्यांनी संपला तो संपलाच. त्याच्यासाठी आम्ही काही करू शकलो नाही.

त्या मुलाने जाण्यापूर्वी संदेशही मराठीत करून दिला होता. मी त्याला चांगले घसघशीत वाक्य सांगितले होते: "आपल्या शोधाशी जुळणारे पाच पर्याय उपलब्ध आहेत, कृपया वर-खाली बाणांच्या कळा वापरून निवड करावी." मला ते फार आवडले होते. आठवड्याभराने आमच्या सभासदांचा फोन आला. म्हणाले, "भाऊ, वाक्य छान आहे, पण मला ते दिवसातून दोनशे वेळा ऐकावं लागतं. 'पाच नावं' एवढंच ठेवा. बाण कुठे आहेत ते मला ठाऊक आहे."